ओरोस-रत्नागिरीची फुकट कायदेशीर मदत: डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीत कितपत कामाची?

उपचारात हयगय झाली, रुग्ण दगावला किंवा कायमचा जायबंदी झाला, तर कोकणातल्या माणसाला वापरता येतील अशा दोन सरकारी सोयी आहेत. एक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, ज्याला लोक अजून 'ग्राहक मंच'च म्हणतात. दुसरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. सिंधुदुर्गात दोन्ही ओरोसला, रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरी शहरात. पहिला निकाल देतो, दुसरं वकील देतं. रुग्णाला दोन्ही मिळूनच उपयोगी पडतात, म्हणून परीक्षणही एकत्रच. मत आधीच सांगून टाकायचं तर सेवा स्वस्त आहे आणि कागद हातात असतील तर कामाची आहे. कागद नसतील तर फुकट असूनही महागात पडते.

खर्चात मात्र खोट काढायला जागा नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची पायरी ठरते ती इस्पितळाला दिलेल्या पैशावरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. बिल 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्याकडची जवळजवळ सगळी प्रकरणं जिल्ह्यातच. बिल 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. भरपाई 30 लाख मागितली तरी शुल्क वाढत नाही. वकील लावण्याची सक्ती नाही, पण वैद्यकीय प्रकरणात वकिलाशिवाय उतरू नये.

तो वकील प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. म्हणून मृताची पत्नी किंवा आई वारस असेल तर अर्ज तिच्या नावाने करावा, तहसीलदाराच्या दाखल्यासाठी खेटे वाचतात. अर्ज जिल्ह्यालाच नेऊन द्यायला हवा असं नाही, तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडेही देता येतो. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे. 'भरपाईतले अमुक टक्के द्या, आता काही नको' म्हणणारा वकील भेटला तर तिथूनच परत फिरावं. निकालावर फी ठरवणं वकिलांच्या नियमातच बसत नाही.

कोकणासाठी सगळ्यात मोठी सोय ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 मध्ये आहे. पूर्वी इस्पितळ जिथे तिथे तक्रार करावी लागे. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. आपल्याकडचा गंभीर रुग्ण कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठतो, त्यामुळे हा फरक बारीक नाही. कोल्हापुरात शस्त्रक्रिया झालेल्या सावंतवाडीच्या रुग्णाची तक्रार ओरोसला चालते. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते आणि सुनावणीला दूरदृश्य पद्धतीने हजर राहता येतं. मंडणगडहून एका तारखेसाठी रत्नागिरीला जायचं म्हणजे पुरता दिवस मोडतो, तो वाचतो. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातात हे धरून चालावं आणि महत्त्वाच्या तारखेला आदल्या दिवशीच तालुक्याचं ठिकाण गाठावं.

आता सेवा कुठे तोकडी पडते ते. सरकारी ग्रामीण रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत उपचार असतील, तर तो रुग्ण कायद्याने ग्राहक ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या व्ही. पी. शांता प्रकरणात ही रेघ आखली, आणि केसपेपरचे किरकोळ पैसे भरल्याने ती पुसली जात नाही. तिथे दिवाणी दावा हा मुख्य रस्ता, त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. विधी सेवेचा वकील यालाही मिळतो. उलट, जे खासगी इस्पितळ बाकीच्यांकडून पैसे घेतं आणि तुमच्यावर मोफत उपचार करतं, ते मात्र आयोगाच्या कक्षेत येतं. बिल विमा कंपनीने भरलं तरी येतं.

पण प्रकरण खरं हरतं ते या दोन्ही सोयी गाठायच्या आधीच, पहिल्या पंधरा दिवसांत. प्राधिकरण वकील देईल, कागद देणार नाही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्यायला हव्यात आणि त्या 3 वर्षं जपायला हव्यात. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवावी. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येऊ नये, त्यात इस्पितळाला सांगायचं तेवढंच असतं. संमतीपत्र, ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाची नोंद, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, रेफर केल्याची चिठ्ठी, आणि रिपोर्टबरोबर एक्स-रेची फिल्म व सीटी स्कॅनची सीडी मागावी. अर्जात ही नावं एकेक करून लिहावीत. 'सर्व कागदपत्रे' असं लिहिलं की चार पानं हातात पडतात.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन. इथे घरचे कचरतात, चाकरमानी मुंबईहून येईपर्यंत अंत्यसंस्काराचीच घाई असते. मात्र मृत्यूचं कारण कागदावर नसेल तर पुढे युक्तिवाद कशावर करणार? पोलिसांना त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, डॉक्टरांच्या मंडळाकडून आणि चित्रीकरणासह शवविच्छेदन मागावं. इस्पितळात आरडाओरडा, तोडफोड अजिबात नको. 2010 च्या राज्य कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि मग आरोपी तुम्ही होता. डॉक्टरवर लगेच गुन्हा नोंदवा म्हणून ठाण्यात बसण्यातही अर्थ नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारीसाठी ढळढळीत निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत लागतं.

आयोगापुढचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे तज्ज्ञाचं मत. कागद सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे जातात आणि 'निष्काळजीपणा आढळून येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येऊ शकतं. जिल्हा लहान, डॉक्टर एकमेकांच्या ओळखीचे. यावर उपाय प्रश्न नेमके विचारण्यात आहे. समजा प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊन बाई दगावली. 'हयगय झाली का?' असं विचारू नये. रक्तस्रावाची पहिली नोंद किती वाजता, रक्त कधी मागवलं, पुढे पाठवायचा निर्णय कधी झाला, मधल्या वेळात नाडी आणि रक्तदाब किती वेळा मोजला, हे विचारावं. आयोगाने हेच प्रश्न समितीला पाठवावेत असा अर्ज वकिलाकडून द्यावा. रुग्ण 108 ने हलवला असेल तर त्या नोंदीतली वेळ इस्पितळाच्या वेळेशी ताडून पाहावी. पोटात कापसाचा बोळा राहिला किंवा उजव्याऐवजी डावा पाय उघडला असं उघड प्रकरण असेल, तर तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. 2010 च्या व्ही. किशन राव निकालाने ते स्पष्ट केलं आहे.

तक्रारीत दहा आरोप भरणं हीसुद्धा नेहमीची चूक. परिणाम वाईट झाला म्हणजे चूक झाली असं आयोग धरत नाही. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली तर तो सुटतो. दोनच मुद्दे घ्यावेत, पण तारीख-वेळेसह. रविवारी बाहेरून येऊन शस्त्रक्रिया करून जाणारा सर्जन असेल तर त्याच्याबरोबर इस्पितळालाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावं. 'तो आमचा नोकर नाही' ही सबब सहसा टिकत नाही.

तक्रार दाखल करायची मुदत 2 वर्षं. वकिली नोटीस पाठवली म्हणून ती थांबत नाही, आणि 'बसून मिटवू' म्हणत इस्पितळाने घालवलेले महिनेही त्यातच मोजले जातात. आयोगाच्या मध्यस्थीची वाटही पाहू नये. मृत्यू किंवा गंभीर इजेची वैद्यकीय प्रकरणं नियमाने मध्यस्थीतून वगळली आहेत.

वेगाला मात्र गुण देता येत नाहीत. कायद्यात निकालासाठी 3 महिने लिहिलेत, तेवढ्यावर बेत आखू नये. सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 अधिक 15 दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. 46व्या दिवशी आलेलं उत्तर घेऊ नये असा आग्रह आपल्या वकिलाने धरायलाच हवा. पॅनलचा वकील तारखांना येत नसेल तर प्राधिकरणाला लेखी कळवून बदलून मागता येतो. भिडेखातर लोक ते करत नाहीत.

निकाल बाजूने लागला तरी इस्पितळ 45 दिवसांत राज्य आयोगाकडे जाऊ शकतं, पण निम्मी रक्कम आधी भरून. अपील झालं नाही आणि पैसेही आले नाहीत, तर अंमलबजावणीचा अर्ज वेगळा करावा लागतो. आदेश न पाळणाऱ्याला कलम 72 खाली 1 महिना ते 3 वर्षं कैद होऊ शकते. वकिलाची नेमणूक निकालापुरतीच असेल तर या अर्जासाठी प्राधिकरणाकडे पुन्हा जावं, त्यासाठीचा वकीलही फुकटच मिळतो.