पक्षी बघायला जाताना गळ्यात कोणती दुर्बीण, ८×४२ की १०×४२?

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वरवर फरक फक्त दोनाचा. तो कळतो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, सकाळी साडेसहाला.

व्यासाला पटीने भागा. ८×४२ मधून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा, १०×४२ मधून ४.२ चा. गर्द झाडीत, पावसाळी अंधारात पहिलीतलं चित्र उजळ दिसतं. शिवाय तिच्यात दिसणारा परिसर सहसा रुंद असतो, म्हणून फांद्यांतून उड्या मारणारा स्वर्गीय नर्तक पक्षी चटकन सापडतो. दहा पटीत तो सापडेपर्यंत पठ्ठ्या पुढच्या झाडावर!

शिवडीच्या चिखलात मात्र पारडं फिरतं. ओहोटीला रोहित पक्षी लांब जातात आणि तिथे दहा पट हवीच. मोठा रोहित कोणता, छोटा कोणता, हे चोचीच्या रंगावरून ठरवायचं असतं. पण हाताचा कंपही दहा पट होतो. ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने जाणार असाल तर विचारूच नका, बोट हलते आणि पक्षी नाचतात.

वजनात विशेष फरक नाही. कोणतीही घ्या, आत नायट्रोजन भरलेली जलरोधकच घ्या. आपल्या जुलैत साधी दुर्बीण आतून धुरकटते.

एकच घ्यायची तर मी ८×४२ घेईन. शिवडीला भरतीची वेळ बघून जाईन, पाणी चढलं की पक्षी आपणहून जवळ सरकतात.