समुद्रात गरवायला कयाक: कडक, हवेची की पेडलवाली? पुणेकरांसाठी तुलना

पुण्यात राहून समुद्रात गरवायचं ठरवलं की तीन प्रकारच्या कयाक समोर येतात. एक कडक प्लास्टिकची, वर बसून वल्हवायची. दुसरी हवा भरायची. तिसरी पायांनी पेडल मारायची. चौथा पर्याय फारसा कोणी धरत नाही: कयाक न घेता एखाद्या नाखव्याची होडी सकाळपुरती ठरवायची.

मासा कुठून जास्त मिळेल, हा निकष इथे कामाचा नाही. चौघांवरूनही तोच जिताडा आणि तीच सुरमई लागू शकते. फरक पडतो तो घरापासून पाण्यापर्यंत पोहोचताना आणि अकराच्या पुढे वारा फिरल्यावर किनाऱ्याला परतताना. म्हणून तुलना तिथूनच केलेली बरी.

पार्किंग ते पुळण

कडक कयाक ११ ते १२ फुटांची, म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास, आणि वजनाला २८ ते ३५ किलो. लिफ्टमध्ये ती मावत नाही, जिन्यात वळत नाही. पार्किंगच्या भिंतीला कुशीवर टांगायला जागा असेल तरच घ्यावी. (सोसायटीच्या कमिटीचा अंदाज हवामान खात्यालाही देता येणार नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.) तळावर सपाट ठेवून महिनोन्‌महिने उन्हात पडली तर तळ आत दबतो आणि मग ती सरळ चालत नाही.

गाडीच्या टपावर न्यायची तर गाडीच्या पुस्तिकेत टपाची भारमर्यादा बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांना ती ५० किलोच्या आसपास असते आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरलेलं असतं. म्हणजे एक कयाक चालेल, दोन नाही. कयाक उपडी ठेवायची आणि कॅरिअरच्या दोन दांड्यांत जमेल तितकं अंतर ठेवायचं. दाबून अडकवायच्या बकलचे पट्टे पुरतात. रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे, पट्टे जोर लावून आवळले की उन्हात मऊ झालेल्या प्लास्टिकला खड्डे पडतात. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्याने तो रस्ताभर फडफडत राहतो. पुढच्या टोकाची दोरी मात्र कधीही टाळू नका. ताम्हिणी उतरताना ब्रेक लागला की कयाक पुढे सरकते, आणि ते आडव्या पट्ट्यांनी थांबत नाही.

हवेची कयाक इथे सरळ जिंकते. १४ ते १८ किलोची पिशवी डिकीत जाते आणि घरी कपाटावर राहते. हातपंपाने भरायला १० ते १५ मिनिटं लागतात. आत धाग्यांनी बांधलेला कडक तळ असलेली घ्या. त्या तळाला ६ ते १० पीएसआय दाब लागतो आणि तो वाकत नाही. नुसत्या फुगवलेल्या नळ्यांची स्वस्त कयाक मध्यभागी दबते. ती तलावात ठीक आहे, समुद्रात नाही.

पेडलवाली ४० ते ५० किलोंची, काही त्याहूनही जड. ती टपावर चढवायला दोघे हवेत आणि पुळणीवरून ओढायला फुगीर चाकांची ट्रॉली हवी. अरुंद चाकं ओल्या वाळूत रुततात. दिवेआगर किंवा दापोलीजवळच्या मुरूडसारख्या सपाट किनाऱ्यावर उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या, ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं. कयाक, बर्फपेटी आणि सामान असा ७० किलोंचा भार तेवढं अंतर ओढून नेल्यावर वल्हवायची हौस बरीचशी फिटते.

दिवस तिथीवरून निवडा, सुट्टीवरून नाही

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. हा हिशेब मुंबई-रायगडच्या बाजूचा आहे. दक्षिणेला भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी, पण पुण्यात बसून रविवार ठरवायला पाऊणपट पुरते.

उघड्या समुद्रासाठी अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असण्याचे दिवस, सगळ्यात सोयीचा. पहाटे सहाला भरती असल्याने कयाक जवळच पाण्यात लोटता येते. पाण्याची ओढ कमी असते, आणि परतताना पाणी ओसरलेलं असलं तरी उधाणाइतकं दूर गेलेलं नसतं. भांगाला मासा सुस्त असतो, असं किनाऱ्यावरचे लोक सांगतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे. तरीही नवख्याने ओढीपेक्षा सुस्त मासा पत्करावा.

खाडीसाठी दशमी-एकादशी बघा. साडेसात ते सव्वाआठला भरती पूर्ण होते. सहाला निघून चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, भरती थांबते त्या अर्ध्यापाऊण तासात खारफुटीच्या कडेने गरवायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर यायचं. पौर्णिमा-अमावस्येला पहाटे पाणी पार उतरलेलं असतं आणि उतरायच्या जागी मांडीभर चिखल असतो. शिवाय दुपारच्या ओहोटीला खाडीच्या मुखाशी पाणी जवळजवळ वल्हवायच्या वेगाने बाहेर धावतं. त्यावर समोरून खारा वारा, म्हणजे समुद्रावरचा वारा, आला की आखूड, उभ्या लाटा उठतात. हवेची कयाक तिथे नुसती गोल फिरते.

वारा: खरी निवड इथे होते

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, नऊ-दहाला तो पडतो आणि अकरा-बाराला समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. मार्चपासून हा दुपारचा वारा जोरकस होत जातो. जून ते सप्टेंबर कयाक समुद्रात न्यायचीच नाही. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते, पण आपण बिनयंत्राचे म्हणून पावसाळी लाटा आपल्याला सूट देत नाहीत.

मतलई वारा फसवा असतो. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं, कारण जमिनीची आड असते. अर्धा किलोमीटर आत गेलं की तोच वारा पाठीमागून ढकलू लागतो. कडक कयाक पाण्यात बसते, सरळ धार धरते आणि तासाला ४ ते ५ किलोमीटर चालते. वाऱ्याविरुद्ध परत येणं जड जातं, पण जमतं. हवेची कयाक पाण्यावर तरंगत राहते, तिच्या उंच कडा शिडासारख्या वारा धरतात, वेग ३ ते ४ किलोमीटर. वल्हवणं थांबवून गळाला आमिष लावायला दोन मिनिटं घेतली की जेवढं आलो तेवढं परत बाहेर गेलो, अशी गत होते. म्हणून आमचं स्पष्ट मत: हवेची कयाक खाडीतच. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाच्या आत, दिघीकडे राजपुरीच्या खाडीत, बाणकोटच्या खाडीत. तिथेही फेरीबोटीच्या वाटेपासून दूर.

वाऱ्याचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. अंदाज तासाला १० किलोमीटरच्या वर असेल तर हवेची कयाक डिकीतच राहू द्या. कडक कयाकला १५ पर्यंत चालेल. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की कोणतीही कयाक असो, गरी गुंडाळायची. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा अंदाज बघा. लाटेची उंची अर्ध्या मीटरच्या आत असेल तर नवख्याने उतरावं. नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. तेवढ्याच उंचीची पण १४-१५ सेकंदांनी येणारी लाट किनाऱ्याशी जास्त उंच होऊन फुटते.

पेडलवालीचा जोर वाऱ्यात सगळ्यात चांगला, कारण पाय हातांपेक्षा उशिरा दमतात. पण तिच्या खाली पंख असतात. उथळ पाण्यात, खडकावर किंवा जाळ्यात ते अडकतात. किनाऱ्याशी यायच्या आधी ड्राइव्ह (पेडल आणि पंखांची यंत्रणा) वर उचलायला विसरलं तर पहिल्याच लाटेत पंख वाकतात. आणि वल्हं सोबत ठेवावंच लागतं.

गरवताना

कयाकमागे नकली मासा ओढायचा असेल, म्हणजे सुरमई किंवा टोळ हवा असेल, तर पेडलवालीला तोड नाही. दोन्ही हात मोकळे राहतात आणि वेग एकसारखा राहतो. वल्ह्याच्या कयाकवर रॉड धारकात रोवून वल्हवावं लागतं. तरी १५-२० मीटर मागे, १ ते २ मीटर खोल जाणारा ल्यूर (नकली मासा) सोडून खडकाळ पट्ट्याच्या कडेने चालणं अगदी जमण्यासारखं आहे. साडेसहा-सात फुटी रॉड, ३००० ते ४००० आकाराचं रीळ, २० ते ३० पाउंडांची विणलेली (ब्रेडेड) दोरी. सुरमईला तारेचा तुकडा हवाच, तिचे दात साधं तंगूस (नायलॉनची दोरी) कापतात. जिताड्याला ४० पाउंडांचा लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, लावा, त्याच्या कल्ल्यांची कड धारदार असते. रॉडला कयाकशी जोडणारी दोरी बांधा. ज्यांनी बांधली नाही त्यांचे रॉड अजून तळाशी आहेत.

एका जागी थांबून कोळंबी किंवा बांगड्याच्या तुकड्यावर तांबोशी, हेकरू गरवायचे तर नांगर लागतो. दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, दोरी खोलीच्या किमान तिप्पट. इथली एक चूक जिवावर येते: नांगराची दोरी कयाकच्या मध्याला बांधणं. ओढ आली की कयाक आडवी होते, वरची कड दाबली जाते आणि ती उलटते. दोरी कड्यातून फिरवून टोकाकडेच न्यायची आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधायची. दोरीच्या सुट्या टोकाला छोटा तरंगता गोळा ठेवला की सोडलेला नांगर नंतर उचलता येतो. खडकात दोरी नांगराच्या खालच्या, नखांकडच्या टोकाला बांधा आणि वरच्या कड्याला फक्त प्लास्टिकच्या पातळ पट्टीने अडकवा. नांगर अडकला की जोर लावताच पट्टी तुटते आणि तो उलट्या बाजूने निघून येतो. कडक आणि पेडलवाल्या कयाकवर हे कडे सहज बसतात. हवेच्या कयाकला ते चिकटवावे लागतात.

हवेच्या कयाकला माशांचाही धोका आहे. शिंगाळ्याचा काटा हवेच्या थराला भोक पाडू शकतो, तिहेरी गळ तर नक्कीच पाडतो. ल्यूरला एकेरी गळ लावा आणि मासा मांडीवर न घेता ओठ पकडणाऱ्या चिमट्याने धरा. पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) लागली तर कोणत्याही कयाकवर वर घेऊ नका, दोरी कापा. शिंगाळ्याचा काटा हातात गेला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, त्याने वेदना उतरते. मग डॉक्टरकडे जा.

खडकावरची कालवं हा हवेच्या कयाकचा दुसरा शत्रू. भोक पडलं तर ठिगळाचा गोंद पूर्ण धरायला २४ तास लागतात, म्हणजे तो दिवस संपलाच. उन्हात पुळणीवर ठेवली की आतली हवा तापून दाब वाढतो, त्यामुळे पाण्याबाहेर काढताच थोडी हवा सोडा. घरी आणून गोड्या पाण्याने धुऊन शिवणी पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घातली तर बुरशी धरते.

उलटल्यावर

वर बसायची कयाक उलटली तरी आत पाणी भरत नाही, हा तिचा मोठा गुण. पाण्यातून पलीकडची कड धरून सुलटी करायची, मधोमध यायचं, पाय मागे पाण्याच्या पातळीला आणून जोरात मारायचे, पोटावर आडवं पडायचं, कुशीवर वळून आसनात बसायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. हे पवनेच्या काठच्या कॅम्पवर भाड्याच्या कयाकवर, लाइफ जॅकेट घालून, आधी जमवा. समुद्रात पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही. जड पेडलवाली सुलटी करणं सगळ्यात कठीण. हवेची सोपी, पण हात सुटला तर वारा तिला घेऊन जातो, म्हणून पायाला दोरी.

खाडीच्या मुखाशी डोल जाळ्यांचे, म्हणजे ओढीत रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे, खुंट असतात. ओहोटीच्या ओढीत कयाक त्यांना आडवी लागली तर सुटत नाही. उतरण्याआधी तिथल्या कोळी बांधवांना डोली कुठे आहेत ते विचारा. पहाटे बाहेर पडणाऱ्या बोटींना तुम्ही दिसत नाही, तेव्हा चार फुटी काठीवर भगवा किंवा नारिंगी झेंडा लावा. शिट्टी, माणशी ३ लिटर पाणी, पाणबंद पिशवीत फोन आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक.

मग घ्यायची कोणती?

वर्षातून चार-पाचदाच जाणं होणार असेल तर काहीच घेऊ नका. होडी ठरवा. नाखव्याला खडक, डोली आणि मासा तिन्ही ठाऊक असतात, वारा आला तर इंजिन असतं. लाइफ जॅकेट आपली न्या, आणि किती तास, इंधन कोणाचं, मासा कोणाचा, हे आदल्या संध्याकाळीच बोलून घ्या.

खाडीत रमणाऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला हवेची कयाक शोभते. महिन्याला एकदा जाणारा जोडीदार आणि पार्किंग असेल तर कडक वल्ह्याचीच घ्यावी, असं आम्ही सांगू. पेडलवाली साधारण दुप्पट-तिप्पट किमतीची पडते आणि पुण्यापासूनच्या प्रत्येक खेपेत तिचं वजन आडवं येतं. ती किनाऱ्यावर घर किंवा कयाक ठेवायला जागा असणाऱ्यांसाठी.

कडक कयाक वापरलेली मिळाली तर बेलाशक बघा. आत दोन बादल्या पाणी ओतून ती या बाजूने त्या बाजूला कलती करा आणि बाहेर कुठे ओल येते ते पाहा. पाणी आरपार जाण्याची भोकं तळाला जिथे जुळतात तिथे चिरा आधी पडतात. आसनाखालची भोकं खास तपासा. तिथे चीर असेल तर ती तशीच प्लास्टिकची काडी वितळवून जोडता येते, पण गोंदाने नाही. विकणाऱ्याने गोंद लावून रंग फासला असेल तर पुढची कयाक बघा.