ऑक्टाव्हिया आरएस 230 आणि स्टेज 1 : दोनच चाकं हो भाऊ, किती ओढतील

सरळ सांगतो, पहिल्या पावसात नागपूरच्या वर्धा रोडच्या सिमेंटवर दुसऱ्या गिअरमध्ये मी पाय जरा जास्त दाबला तर गाडी पुढे जायच्या आधी स्टिअरिंगच डावीकडे निघालं. ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकून राहिला, बाजूचा स्प्लेंडरवाला माझ्याकडे पाहून हसून राहिला, आणि मी आत बसून विचार करतोय की याच्यासाठी पैसे मोजले काय बे आपण.

गाडी 2018 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230, सेकंडहँड घेतली. रिव्ह्यू खरं तर वाडीच्या अलाइनमेंटवाल्या काकांसाठी आहे, पण आधी गाडीची कथा ऐका. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल (टीएसआय), 230 पीएस, 350 न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर, सहा गिअरचा ओल्या क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (डीएसजी), आणि जोर सगळा पुढच्या दोन चाकांना. कंपनीतून आली तशी ही गाडी एकदम शहाणी आहे. घरचे पाच जण, डिकीत लग्नाच्या अहेराच्या पिशव्या, आणि समृद्धीवर 120 ला क्रूझ लावला की इंजिनचा आवाज पण येत नाही. तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण मी थांबलो नाही, स्टेज 1 केला, म्हणजे पार्ट न बदलता फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल (मॅप) बदलून ताकद वाढवली. कुठे केला ते लिहीत नाही. त्यांनी लॅपटॉप लावला, तासाभरात 300 च्या आसपास पीएस आणि 400 च्या वर टॉर्क झाला म्हणून सांगितलं, पण टायर कोणते आहेत हे एकदाही विचारलं नाही.

आता गंमत बघा. पुढच्या चाकांना वळायचं पण आहे आणि ओढायचं पण आहे, टायरची पकड तर तेवढीच, एकीकडे खर्च केली की दुसरीकडे कमी पडणार. वरून पाय दाबला की वजन मागे सरकतं, म्हणजे जोर पाहिजे तेव्हाच पुढची चाकं हलकी होतात. रिअर व्हीलवाल्या गाडीला हेच फायद्याचं पडतं, आपल्याला उलटं. आणि त्या स्टिअरिंग ओढण्याचं कारण, म्हणजे टॉर्क स्टिअर, बरंचसं जुनंच आहे : इंजिन आडवं, गिअरबॉक्स एका बाजूला, मग डाव्या-उजव्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन सारखे राहत नाहीत, त्यात एक चाक सिमेंटच्या जॉइंटवर आणि दुसरं ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर असलं की झालंच.

फोर्डने 2009 च्या फोकस आरएसमध्ये पुढच्या चाकांना 305 पीएस दिले तेव्हा पुढच्या सस्पेन्शनचा नकल (चाक ज्याच्यावर बसतं आणि वळतं तो भाग) वेगळाच बनवला, वर दोन्ही चाकांत जोर वाटून देणारं मेकॅनिकल डिफरन्शियल टाकलं. तेवढं सगळं केल्यावर 305. आणि आपण इथे फक्त फाइल फ्लॅश करून त्याच आकड्याच्या गप्पा मारतो.

बरं, या गाडीत एक्सडीएस प्लस आहे, ते आतल्या चाकाला ब्रेक लावून नाक वळवतं. एक-दोन वळणांपुरतं मस्त चालतं, पण शेवटी ते ब्रेकच, घाटात वीस मिनिटं जोरात चालवली की पॅड तापतात. खरं डिफरन्शियल वेगळी चीज आहे, 2025 मध्ये आपल्याकडे आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयला इलेक्ट्रॉनिक क्लचवालं मिळतं, वळणातून निघताना पाय दाबला की गाडी बाहेर जायच्या ऐवजी आत खेचते. मेकॅनिकल टाकायचा विचार मी पण केला होता. पण त्याने खड्ड्या-चरांच्या रस्त्यावर स्टिअरिंग अजून जास्त ओढतं, रोज बायको पण गाडी चालवते, सोडून दिलं.

मग मी दोन चुका अजून केल्या. एक म्हणजे लोअरिंग स्प्रिंग, गाडी खाली बसवणारे. दिसायला काय दिसत होती गाडी, फुटाळा तलावावर लोक फोटो काढायचे! पण आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तिरपी घालूनही खालून घासायची, आणि हँडलिंग सुधारलं असं म्हणावं तर मधल्या वळणात एखादा उंचवटा आला की स्प्रिंग पूर्ण दबून गाडी आदळायची आणि रेषा सोडायची. तीन महिन्यांत काढले.

दुसरी, मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी एका बाजूला झुकू न देणारा दांडा), आणि तो थेट कडक भोकात, म्हणजे सर्वात कडक सेटिंगवर बसवला. याचं काम खरंच होतं हं, मागची बाजू कडक झाली की वळणातला जास्तीचा भार मागच्या टायरवर जातो आणि पुढचे मोकळे होतात, अंडरस्टिअर, म्हणजे वळणात नाक बाहेर जाणं, दिसतं तेवढं कमी. पण चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना एका वळणात समोर गाय आली, मी घाबरून पाय एकदम सोडला आणि मागची बाजू निघाली. ईएसपी (घसरती गाडी सावरणारी सिस्टिम) चालू होतं म्हणून आज लिहून राहिलो. बार अजून आहे, मऊ भोकात.

आणि उन्हाळा! मे महिन्यात 45 डिग्रीत टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलरच तापतो, आत गरम हवा जाते, नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटणं) होऊ नये म्हणून इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. जोरात दोनदा गाडी ताणली की तिसऱ्यांदा ती कंपनीच्या मॅपइतकीच धावते. 95 ऑक्टेनचा मॅप असेल तर तेच पेट्रोल भरावं लागतं, आणि गावाकडच्या पंपावर ते मिळेलच असं नाही.

आता ज्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते, वाडीचे अलाइनमेंटवाले काका. लहानसं दुकान, मशीन जुनीच. पुढचे टायर नऊ हजारातच आतून गेले होते. काकांनी कॉम्प्युटर लावायच्या आधी टायरवर आडवा हात फिरवला, मग माझा हात धरून फिरवला. आतून बाहेर गुळगुळीत, बाहेरून आत करवतीसारखं टोचत होतं. म्हणाले, "हे पाय टो-आउटचं. स्प्रिंग बदलले होते ना बाप्पा? मग अलाइनमेंट काहून नाही केलं?" टो-आउट म्हणजे चाकांची पुढची टोकं बाहेर फाकलेली. स्प्रिंग टाकले तेव्हा अलाइनमेंट नाही, काढले तेव्हा पण नाही, मी गप्प. मग त्यांनी टो जवळपास शून्यावर आणला, दोन्ही बाजूंचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शक्य तेवढा सारखा केला, आणि स्टिअरिंग सरळ आहे का ते पाहायला स्वतः अमरावती रोडवर चक्कर मारून आले. पैसे नेहमीच्या रेटनेच. एकच तक्रार, शनिवारी जाऊ नका, दोन तास चहा पीत बसावं लागतं.

त्याच आठवड्यात पुढे-मागे चांगले सॉफ्ट कंपाउंडचे टायर टाकले आणि मॅप बदलून पहिल्या दोन गिअरमध्ये टॉर्क कंपनीइतका करून घेतला. कागदावर गाडी कमी झाली, रस्त्यावर जास्त वेगवान झाली, कारण आता दिवा लुकलुकत नाही. रेनॉने 2019 मध्ये मेगान आरएस ट्रॉफी-आर घेऊन जर्मनीतल्या नुरबर्गरिंग ट्रॅकवर फ्रंट व्हील गाड्यांचा रेकॉर्ड केला तेव्हा इंजिन तेच 300 पीएसचं ठेवलं होतं, 130 किलो वजन काढलं, मागची चाकं वळवणारी सिस्टिम सुद्धा काढून फेकली. मी डिकीतून स्टेपनी काढायला निघालो होतो, बायकोने विचारलं की पंक्चर झाली की वाडीच्या काकांना फोन करशील का.

गाडीला साडेचार स्टार. स्टेज 1 ला दोन. काकांना पाच, पण सांगितलं ना, शनिवारी नको.