एमबीए एचआर : नोकरीला वर्ष होत आलं, फी वसूल होतेय का?

पुण्यातल्या एका प्रायव्हेट कॉलेजातून एमबीए एचआर केलं, सध्या चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआर एक्झिक्युटिव्ह आहे. टिस नाहीतर एक्सएलआरआय अशी एचआरची टॉपची कॉलेजं मिळत असतील तर हे वाचत बसू नका, तिथलं गणितच वेगळं. हे सीईटीला बरे मार्क पडलेल्या आपल्यासारख्यांसाठी.

फी, हॉस्टेल, मेस धरून सहा लाखाच्या आत आटोपलं, त्यातलं साडेचार लाख लोन. कोर्स चालू असताना हप्ता नसतो म्हणून सगळे निवांत असतात पण व्याज चढतच असतं, ते मुद्दलात मिसळून आता पावणेसहा लाखाला टेकलंय आणि सात वर्षांचा हप्ता साडेनऊ हजार बसलाय. सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षाला माझ्यावर करते तो एकूण खर्च, ३.६ लाख. ऐकायला महिना तीस हजार वाटतात, पण कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर मिळणारा व्हेरिएबल सगळं त्यातच कोंबलेलं, वर आपला पीएफ १८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० कापला की हातात चोवीस. (हे ब्रेकअप आता जॉइन होणाऱ्या पोरांना मीच समजावतो, त्यांचे चेहरे बघवत नाहीत.) बँकवाला ८०-ई ची, म्हणजे एज्युकेशन लोनच्या व्याजावरची टॅक्स सूट सांगून खूश करतो, अहो पण एवढ्या पगाराला टॅक्सच लागत नाही, सूट घेणार कशातून?

माझा रूममेट बीकॉम होऊन थेट एका पेरोल व्हेंडरकडे (कंपन्यांच्या पगाराचं काम करून देणाऱ्या फर्मकडे) लागला. पगार कमीच होता पण ती दोन वर्षं तो कमावत होता आणि मी भरत होतो, आज त्याला बावीस मिळतात आणि हप्ता शून्य. म्हणजे खिशाचं बघितलं तर आजच्या घडीला तोच पुढे.

मग डिग्रीचा उपयोग कुठे? रिक्रूटरच्या कामाला तर अजिबात नाही. आमच्या बॅचचे बरेच जण कन्सल्टन्सीत दिवसभर कॉल लावतात, शेजारच्या खुर्चीवर बीए झालेली मुलगी तेच काम त्याच पगारात करते. फॅक्टरीत मात्र फरक पडतो. तिथे वेल्फेअर ऑफिसर (कामगारांच्या सोयी-तक्रारी बघणारा अधिकारी) ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्या पोस्टला मान्यताप्राप्त डिग्री-डिप्लोमाच लागतो, नुसता अनुभव चालत नाही. फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये ५०० कामगारांची अट होती, २१ नोव्हेंबर २०२५ ला लेबर कोड (नवे कामगार कायदे) लागू झाले त्यात ती २५० वर आलीय, म्हणजे चाकण-रांजणगावच्या मधल्या साइजच्या कंपन्यांनाही माणूस लागणार. माझी नजर त्याच खुर्चीवर आहे.

आणि तेवढ्यासाठीच करायचं असेल तर परळच्या सरकारी लोखंडे श्रम विज्ञान संस्थेचा एमएलएस (मास्टर ऑफ लेबर स्टडीज) आधी बघा, आमच्या प्लांटचे सिनियर साहेब तिथलेच, लेबर लॉ तोंडपाठ, युनियनवाले पण त्यांना विचारून जातात. आम्हाला दोन वर्षात लेबर लॉ जेमतेम एका सेमिस्टरचा, बाकी सगळं लीडरशिप आणि पीपीटी. चलन भरणं, कॉन्ट्रॅक्टरची रजिस्टरं तपासणं हे सगळं इथे आल्यावर टाइम ऑफिसच्या काकांनी शिकवलं.

ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या सरकारी सवलतीची अर्धी ट्यूशन फी मिळत असेल, उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर हिशोब बराच हलका होतो, पण ती कॅप राउंडच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीच्या) अ‍ॅडमिशनलाच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. कॉलेजला हायेस्ट पॅकेज विचारू नका, मागच्या बॅचचे किती जण फॅक्टरीत लागले आणि किती कॉलिंगला ते विचारा. आमच्या वेळी हे कोणी विचारलं की सर विषय बदलायचे.