स्वतः जोडलेलं अष्टकोनी घड्याळ: दहा महिने आणि गोव्याचा एक पावसाळा

जानेवारीत फोंड्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून आणि पंखा बंद करून मी हे घड्याळ सुट्या भागांतून जोडलं. तेव्हापासून झोप आणि आंघोळ सोडली तर ते मनगटावरच असतं. म्हापशाच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींना दाखवायला नेलं होतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागून-पुढून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पावस येवं दी, मागीर पळोवया" (पाऊस येऊ दे, मग बघू). म्हणून लिहायला पावसाळा सरेपर्यंत थांबलो.

रूप कुठून घेतलं हे उघड आहे. ओदमार पिगे या स्विस कंपनीचं रॉयल ओक, १९७२ सालचं. पाणबुड्याचं शिरस्त्राण डोळ्यांसमोर ठेवून डिझायनर जेराल्ड जेंटा यांनी काचेभोवतीची आठ कोनांची कडा आखली आणि आठ स्क्रू लपवायचे सोडून वरच मांडले. स्टीलचं असून ते तेव्हाच्या कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग होतं. माझ्या निळ्या, चौकटीदार डायलवर कोणाचंच नाव नाही. बड्या कंपनीचं नाव छापलेल्या नकली डायलही विकायला असतात; तसली मी घेतली नाही, कोणी घेऊही नये.

आतलं मशीन जपानी सेको कंपनीचं एनएच३५. २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावी दिली की ४१ तास चालतं. सुटे भाग मिळतात, कुठलाही जाणता घड्याळजी ते उघडू शकतो. पण जाडी ५.३२ मिलिमीटर. मूळ रॉयल ओकचं मशीन ३.०५ मिलिमीटरचं होतं, म्हणून ते मनगटाला चिकटून बसायचं. माझं शर्टाच्या बाहीत अडकतं. दहा महिन्यांनंतरही याची सवय झालेली नाही.

जोडताना खरा कस काट्यांनी पाहिला. आधी किल्ली (बाजूचं फिरवायचं बटण) फिरवत राहायचं, तारीख टक्कन बदलली की थांबायचं, आणि मगच तास आणि मिनिट काटे बरोबर बारावर बसवायचे. नाहीतर तारीख भलत्याच वेळी बदलते. सेकंद काट्याची नळी ०.२० मिलिमीटरची, चिमट्याने धरली की श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. पहिला काटा माझ्याकडून वाकला, दुसरा चौथ्या प्रयत्नात बसला. किल्लीची दांडी कापताना मात्र घाई केली नाही. कापली थोडी जास्तच लांब, मग कानशीने घासत आणि पुन्हा पुन्हा लावून बघत दोन संध्याकाळी घालवल्या. आखूड झाली असती तर नवीच घ्यावी लागली असती.

कंपनी या मशीनसाठी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा देते. माझं सुरुवातीला १८ सेकंद पुढे जायचं. मोबाइलच्या अॅपवर ठोके मोजत, गती थोडी थोडी जुळवत ते मी ६ वर आणलं. मे महिन्यात ते अचानक दिवसाला दोन मिनिटं पळायला लागलं. मी रात्री ते टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरवर ठेवत होतो. ठोक्यांची गती ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, आणि घड्याळ पुढे धावतं. चुंबकत्व काढायच्या छोट्या यंत्रावर धरलं, क्षणात सुधारलं.

जुलैत घड्याळजींचं म्हणणं खरं झालं. फोंड्याहून स्कूटरवर भिजत पणजीला पोहोचलो, ऑफिसच्या एसीत बसलो, आणि चारच्या आकड्यापाशी काच आतून धुकटली. पोटात खड्डा पडला. घरी येऊन मागचं झाकण उघडलं तर रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी कडी, एका जागी मुरडून चिरलेलं. झाकण फिरवून घट्ट करताना ते कोरडंच ठेवलं होतं, चूक माझीच. मशीनवर गंज नव्हता, हे नशीब. दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवलं, नव्या गॅस्केटला बोटानं सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला आणि सावकाश बंद केलं. मग घड्याळ कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला, मिनिटभरानं पुसला. आत धुकं नाही. गोव्यात घड्याळ जोडणाऱ्यानं ही परीक्षा जूनच्या आधीच घ्यावी. मी अजून ते मिरामारच्या किनाऱ्यावर पाण्यात नेलेलं नाही, नेणारही नाही.

पट्ट्याच्या कड्यांमध्ये घाम आणि मीठ साचतं. आठवड्याला मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी, तेही किल्ली नीट आवळून.

चवथीला गणपतीवरची माटोळी (फळाफुलांचं छत) बांधताना कडेवर एक ओरखडा पडला, दोनच्या बाजूला. पॉलिश करून घ्या, असं दोघांनी सुचवलं. त्या सपाट भागावर स्टीलच्या बारीक रेषा एकाच दिशेनं ओढलेल्या आहेत. पॉलिश केलं तर त्या जातील आणि कोनाची धार बोथट होईल. तसाच ठेवला आहे. परवा म्हापशाला गेलो तेव्हा घड्याळजींनी पुन्हा भिंग लावलं, झाकण उघडून गॅस्केटवरून नख फिरवलं आणि दर मृगाआधी ते बदलायला सांगितलं. त्या मापाची दोन मी तिथूनच घेऊन ठेवली आहेत.