‘मी सक्षम आहे’ की ‘मला जमेल’? : स्वयंसूचनांच्या कार्डांचा अनुभव

बँकेतील बढतीच्या मुलाखतीला दोन महिने उरले असताना, चारचौघांत बोलताना उडणारी त्रेधा थोडी तरी कमी व्हावी म्हणून मी सकारात्मक स्वयंसूचनांच्या (म्हणजे रोज स्वतःच स्वतःला सांगायच्या धीराच्या वाक्यांच्या) ६० कार्डांचा एक मराठी संच ४९९ रुपयांना मागवला. सोबत एक छोटी वही मिळते, आणि खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ध्वनिमुद्रणही ऐकता येते. निर्मात्यांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घाटणीचे आणखी दोन संच मी मैत्रिणींकडे पाहिले आणि त्यांतील उणिवाही थोड्याफार फरकाने त्याच आहेत.

कागद जाड आहे आणि अक्षर चष्म्याविना वाचता येते. ध्वनिमुद्रणात बासरी इतकी मोठी आहे की निवेदिकेचे शब्द तिच्यात बुडतात, म्हणून ते मी एकदाच ऐकले.

खरी तक्रार भाषेची आहे. ‘मी विपुलतेला माझ्याकडे आकर्षित करतो’ हे वाक्य सकाळी सहा वाजता आरशासमोर म्हणून पाहावे, म्हणजे ते कोणत्याही मराठी माणसाच्या मनात आपणहून उमटणारे नाही हे लगेच कळते. शिवाय जिथे जिथे क्रियापद आले आहे तिथे ते ‘करतो’, ‘बोलतो’, ‘जिंकतो’ असे पुल्लिंगीच आहे. कोल्हापूरच्या माझ्या नणंदेला यात काहीच वावगे वाटले नाही, कारण तिकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात. मला मात्र दर वेळी दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखे झाले. जे वाक्य स्वतःनेच स्वतःला सांगायचे आहे, त्यात हा विचार सर्वांत आधी व्हायला हवा होता.

ही पद्धत काही नवी नाही. एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने शंभर वर्षांपूर्वीच, आपण दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत आहोत अशा अर्थाचे वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस-वीस वेळा म्हणायला सांगितले होते, आणि मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी सुचवली होती. (जपमाळ ओढणाऱ्या माझ्या आजीला यात काही नवल वाटले नसते.) मात्र २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ज्यांचा आत्मसन्मान मुळातच कमी असतो, त्यांना स्वतःविषयीचे गोड वाक्य घोकल्यावर बरे वाटण्याऐवजी उलट वाईट वाटते. माझेही तसेच झाले. ‘मी निर्भयपणे बोलतो’ हे कार्ड हातात घेतले की गेल्या वर्षीच्या शाखा बैठकीत घशाला पडलेली कोरड नेमकी आठवायची, आणि मन कार्डाशी वाद घालू लागायचे.

पैसे वसूल झाले ते त्या वहीमुळे, जिचा जाहिरातीत जेमतेम उल्लेख आहे. तिच्यात स्वतःची स्तुती करायची नसते; आपल्याला काय महत्त्वाचे वाटते आणि का, हे रोज दहा ओळींत लिहायचे असते. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या विचाराशी हे जुळते : आपली मूल्ये आठवली की आपण एकंदरीत बरे माणूस आहोत ही भावना टिकते आणि एखाद्या ठिकाणी कमी पडण्याची धास्ती उतरते. मी एके दिवशी, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या पेन्शनरांविषयी लिहिले. अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून कानकोंडे होणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसांशी मी न अडखळता, तासन् तास बोलत असते, हे त्या ओळी लिहीपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते.

त्यानंतर मी कार्डे उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर ‘मला जमेल का?’ असे लिहून त्याखाली, पूर्वी जमलेल्या दोन-तीन गोष्टी तारखेसह नोंदवल्या. ‘मी सक्षम आहे’ हे आपण भाषणात म्हणतो. घरात आणि कचेरीत आपला धीर ‘जमेल’ या एका शब्दात असतो.

ज्यांना मुळात बऱ्यापैकी आत्मविश्वास आहे आणि रोजची उजळणी हवी आहे, त्यांनी हा संच घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांना चाळीस रुपयांची वही पुरेल. माझी मुलाखत गेल्या महिन्यात झाली, निकाल अद्याप लागलेला नाही, त्यामुळे खोक्यावर ठळक छापलेल्या ‘यशाची हमी’विषयी इतक्यात काही लिहिता येत नाही.