खाली कडप्पा, वर ७१० प्लाय: आमच्या किचनचा दीड वर्षाचा अनुभव

आमचं घर चिपळूणला, तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किचनमध्ये छातीएवढं होतं, आणि उतरल्यावर बघतो तर ट्रॉल्यांचं सगळं फर्निचर चहात बुडवलेल्या टोस्टसारखं फुगलेलं, शटर ओढलं की बिजागरी स्क्रूसकट हातात. ते पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून केलेलं, होतं हे आम्हाला तेव्हा कळलं, घेताना आम्ही फक्त वरचा सनमायका बघितला होता. आणि त्याच ओट्याखालचे कडप्प्याचे दोन जुने खण, सासऱ्यांनी घर बांधताना घातलेले, ते पाईप मारून धुतले आणि चार दिवसांनी त्यात डबे परत लागले. हे मी विसरूच शकत नाही.

मग जवळजवळ तीन वर्षं पडदे लावून काढली आणि मागच्या वर्षी एप्रिलमध्ये किचन नवीन केलं. दोन पावसाळे झालेत म्हणून आता लिहितेय, कारण आमच्याकडे पावसाळा काढल्याशिवाय लाकूडकामाबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

दुकानात गेलं की सगळे शटर दाखवतात. अ‍ॅक्रेलिक, पीयू, मेम्ब्रेन, पंचवीस रंग. आतला खोका कशाचा आहे ते आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि किचन टिकतं ते खोक्यावर. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) मी लगेच बाद केलं. एचडीएचएमआर, म्हणजे त्याचाच जास्त घट्ट, ओल सोसणारा प्रकार, त्याबद्दल बराच आग्रह झाला, आणि ते वाईट नाही, गुळगुळीत असतं, दमट हवेला टिकतं, पुण्याला नणंदेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेच आहे आणि तिची काही तक्रार नाही. पण शेवटी तो लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, ओल सोसेल पण साचलेल्या पाण्यात उभा राहणार नाही. आमच्या घराला पाण्यात उभं राहणारंच पाहिजे होतं.

प्लाय घेताना एक गोष्ट नीट बघा. "आयएस ३०३ आहे ताई" एवढं ऐकून पैसे देऊ नका, आयएस म्हणजे भारतीय मानकाचा नंबर, आणि ३०३ चा शिक्का साध्या एमआर (दमटपणा सोसणाऱ्या) प्लायवरही असतो आणि बीडब्ल्यूआरवरही (उकळतं पाणी सोसणाऱ्या), दोन्हींत खूप फरक आहे, सोबत ग्रेड काय लिहिलीय ते वाचायचं. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०, त्याची चाचणी ७२ तास पाण्यात उकळून होते. शिक्क्याखाली सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो, मी दुकानातच टाकून बघितला.

तर शेवटी ठरलं असं की ओट्याखाली लाकडाचा खोकाच नको. जुने खण ठेवले, आणखी दोन उभे कडप्पे घातले आणि मधे स्टीलच्या ट्रॉल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, वाकून खणात हात घालणं त्यांना जमत नाही, त्यामुळे ट्रॉल्या हव्याच होत्या. ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या, न गंजणाऱ्या स्टीलच्या घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, पण २०२ या हलक्या ग्रेडला सुद्धा चुंबक फारसं चिकटत नाही, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही, बिलावर ३०४ लिहून घ्या. मी घेतलं.

कडप्प्याचा त्रास पण सांगते. दगड कधीच अगदी ओळंब्यात नसतो, त्यामुळे चॅनेल (ट्रॉली सरकते ती पट्टी) लावताना सुतारकाकांना दगडावर प्लायच्या पट्ट्या मारून लेव्हल करावी लागली, दीड दिवस त्यातच गेला. तरी भांड्यांची मोठी ट्रॉली दोन महिन्यांनी घासायला लागली, एक चॅनेल काढून परत बसवला, आता ठीक. पट्टी आणि दगडाच्या फटीत झुरळं झाली, तिथे सिलिकॉन भरल्यावर थांबली. आणि कडप्पा चुनखडीचा दगड, आंबट त्याला सोसत नाही. कोकमाच्या आगळाची बरणी ठेवते तिथे गोल पांढरट डाग पडलाय, तो जात नाही, आता बरणीखाली ताटली असते.

वरची कपाटं १८ एमएम ७१० ची, आतून ऑफव्हाइट लॅमिनेट, बाहेरून मॅट. अ‍ॅक्रेलिक दिसायला फार सुंदर, पण हळदीतेलाचा हात लागला की प्रत्येक बोट दिसतं आणि आमच्याकडे दिवसभर कोणाचा ना कोणाचा हात लागतोच. मॅट लॅमिनेट ओल्या फडक्याने पुसलं की झालं. फक्त गॅसच्या वरच्या कपाटाची एज बँडिंग पट्टी, म्हणजे प्लायची उघडी कड झाकणारी, आठव्या महिन्यात सुटली. तिथे कुकरची वाफ लागते आणि पट्टी घरीच हाताने चिकटवली होती. शटर तेवढी मशीनवर एज बँडिंग करून आणायला हवी होती, हे मला आधी कळायला हवं होतं.

सगळ्यात मोठी चूक बाहेरच्या भिंतीची. पहिल्याच श्रावणात त्या भिंतीवरच्या कपाटात मागच्या प्लायला बुरशी आली, डाळींच्या डब्यांना कुबट वास. प्लायचा दोष नव्हता, भिंतच ओली होती. कपाट उतरवलं, दिवाळीनंतर बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं आणि परत लावताना भिंतीपासून अर्धा इंच सोडून लावलं. यंदा बुरशी नाही, मी दर आठवड्याला हात फिरवून बघत होते. हे काम आधी केलं असतं तर एक उतरवणी वाचली असती.

सगळा खर्च १ लाख ६५ हजार, ११ फुटी ओटा, पूर्ण मॉड्युलरचं कोटेशन २ लाख ९० हजार होतं. सासूबाई आता डाळतांदूळ स्वतः काढतात, कोणाला हाक मारत नाहीत, माझ्यासाठी ते सगळ्यात मोठं.

सिंकखालचं शटर मात्र खालच्या कडेला किंचित फुगलंय, गळती होती ती उशिरा लक्षात आली आणि कडेची पट्टी तिथे अर्धवटच होती. ते पीव्हीसीचं करून घेतेय. एक पावसाळा जाऊदे, मग त्याचं कसं काय ते सांगते.